मेलेल्या रानडुकरापासून विषाणूच्या मुळापर्यंत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

रानडुकरांतील विषाणू जनुकीय क्रमनिर्धारणाने, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या जिनोम सिक्वेन्सिंगने, कसे ओळखतात याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी पाच येथे घेतले आहेत. जिनोम म्हणजे विषाणूची संपूर्ण जनुकीय संहिता; ती चार रासायनिक घटकांच्या लांब साखळीत लिहिलेली असते. या घटकांना मी येथे ‘अक्षरे’ म्हणते, आणि ती ओळीने वाचणे म्हणजे क्रमनिर्धारण. बहुतेकांचा रोख आफ्रिकन स्वाइन फीव्हरकडे आहे आणि ते स्वाभाविकच आहे. २०२० मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेशात भारतातील पहिली नोंद झालेला हा रोग पाळीव डुक्कर आणि रानडुक्कर या दोघांनाही बहुधा जिवंत सोडत नाही, आणि त्यावर औषध नाही.

प्रश्न : आमच्या काजूच्या बागेलगत एका आठवड्यात दोन रानडुकरे मेलेली आढळली. गोळीची किंवा फासकीची खूण नव्हती. शव कुजू लागलेले असताना तपासणीचा काही उपयोग होतो का? (बागायतदार, सिंधुदुर्ग)

होतो, आणि आपण विचारलेत हे फार चांगले केले. शवाला हात न लावता, ते कापून न पाहता, त्याच दिवशी वनरक्षकाला आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. रानडुकराला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे हे एक कारण. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे की या रोगाचा विषाणू रक्तात प्रचंड संख्येने असतो आणि कापलेल्या शवातून तो चप्पल, कोयता, कुत्र्याचे पाय अशा कोणत्याही वाटेने वस्तीतल्या डुकरांपर्यंत जातो.

ताजे शव असेल तर प्लीहा, लसिका ग्रंथी आणि रक्त यांचे नमुने घेतात. शव कुजले असेल तर लांब हाडातील मज्जा कामी येते. आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा विषाणू डीएनएचा आहे, आणि हाडाच्या आत डीएनए बराच काळ टिकते. त्यामुळे नुसता सांगाडा उरला असतानाही निदान झाल्याची उदाहरणे आहेत. क्लासिकल स्वाइन फीव्हर या डुकरांच्या दुसऱ्याच रोगाचा विषाणू मात्र आरएनएचा असतो, त्याचा जिनोम सुमारे १२,३०० अक्षरांचा असतो आणि उन्हापावसात तो लवकर तुटतो. हे दोन्ही आजार ताप आणि रक्तस्राव घडवतात, शवाकडे नुसते पाहून त्यांतला फरक सांगता येत नाही, म्हणून दोन्हींची तपासणी करावी लागते. शिवाय शेताच्या बांधावर मेलेल्या जनावराबाबत विषबाधेची शक्यताही तपासावीच लागते. जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूतील मुदुमलाई व्याघ्र प्रकल्पात रानडुकरे मरून पडू लागली तेव्हा प्रयोगशाळेतल्या तपासणीनेच आफ्रिकन स्वाइन फीव्हर असल्याचे ठरले. कळवायला लागलेला प्रत्येक दिवस नमुन्याचा दर्जा खाली आणतो, हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : पीसीआरने काही तासांत निदान होते. मग क्रमनिर्धारणाचा खर्च आणि खटाटोप कशासाठी? (पशुवैद्यक, नागपूर)

पीसीआर, म्हणजे ठरावीक जनुकीय तुकड्याच्या असंख्य प्रती करून तो शोधणारी चाचणी, आपण विचारलेल्या एकाच प्रश्नाचे उत्तर देते : अमुक विषाणू आहे की नाही. प्राथमिक निदानासाठी तेच योग्य साधन आहे, याबाबत माझे दुमत नाही. परंतु हा विषाणू कुठून आला, हे विचारायचे असेल तर त्याची अक्षरे वाचावी लागतात.

इटलीचे उदाहरण घ्या. सार्डिनिया बेटावर १९७८ पासून आफ्रिकन स्वाइन फीव्हर ठाण मांडून होता. जानेवारी २०२२ मध्ये मुख्य भूमीवर, पिएमोंते प्रांतातील ओवाडा परिसरात मेलेल्या रानडुकरात तोच रोग आढळला, तेव्हा पहिला संशय साहजिकच सार्डिनियाकडे जाणार. पण विषाणूच्या कवचातील पी-७२ हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाचा तुकडा वाचल्यावर दिसले की सार्डिनियातील विषाणू पहिल्या जनुकप्रकाराचा (जनुकीय फरकांवरून पाडलेल्या गटाचा) होता आणि हा दुसऱ्या. म्हणजे तो बेटावरून आलेला नव्हता. २००७ मध्ये जॉर्जियात पोहोचून पुढे पूर्व युरोपात आणि आशियात पसरलेल्या कुळातला होता. एका छोट्या तुकड्याने तपासाची दिशाच बदलली. भारतात पसरलेला विषाणूही याच दुसऱ्या प्रकारचा असल्याचे क्रमनिर्धारणातूनच कळले.

प्रश्न : मी बर्लिनजवळ राहते. ब्रांडेनबुर्गच्या जंगलात फिरताना मैलोन्‌मैल कुंपण आणि रानडुकरांविषयीचे फलक दिसतात. या कुंपणाचा आणि क्रमनिर्धारणाचा काही संबंध आहे का? (वाचक, जर्मनी)

संबंध आहे, आणि तो मला या विषयातला सर्वांत शिकण्यासारखा भाग वाटतो. जर्मनीत पहिले बाधित रानडुक्कर सप्टेंबर २०२० मध्ये ब्रांडेनबुर्ग राज्यातच, पोलंडच्या सीमेलगत सापडले. मेलेली जनावरे शोधणे आणि जिवंत जनावरांची ये-जा कुंपणाने रोखणे हे तेथील नियंत्रणाचे दोन मुख्य उपाय आहेत. आता प्रश्न असा की सीमेवर नवे शव सापडले तर रोग आतल्या आत पसरला असे समजायचे, की तो पलीकडून पुन्हा आला असे?

इटलीत उपयोगी पडलेला पी-७२ चा तुकडा येथे काहीच सांगू शकत नव्हता, कारण पोलंडमधले आणि जर्मनीतले सारेच विषाणू दुसऱ्या प्रकारचे, आणि हा विषाणू बदलतो अतिशय सावकाश. म्हणून रीम्स बेटावरील फ्रीडरिश लोफ्लर या जर्मनीच्या पशुरोग संशोधन संस्थेतील संशोधकांनी संपूर्ण जिनोम, म्हणजे सुमारे १ लाख ९० हजार अक्षरे, वाचली. त्यातून परस्परांहून किंचित भिन्न असे अनेक वंश समोर आले आणि ते सीमेच्या वेगवेगळ्या पट्ट्यांशी जुळत होते. विषाणू एकदाच नव्हे, तर अनेक ठिकाणांहून आत आल्याचे हे लक्षण होते. कुंपण कोठे भक्कम करायचे हे ठरवायला याहून नेमका पुरावा मिळणे कठीण.

मात्र अक्षरे सर्वच सांगतात असे मानू नये. बेल्जियममध्ये सप्टेंबर २०१८ मध्ये रोग अवतरला तेव्हा सर्वांत जवळचे बाधित क्षेत्र शेकडो किलोमीटर दूर होते; रानडुक्कर एवढे चालत नाही, त्यामुळे माणसाच्या हातून, बहुधा मांसाच्या एखाद्या पदार्थातून, तो आला असावा असा निष्कर्ष निघाला. पण कोणाच्या हातून, हे जिनोममध्ये लिहिलेले नसते. नोव्हेंबर २०२५ मध्ये बार्सिलोनाजवळच्या रानडुकरांत आढळलेला विषाणू युरोपात सध्या फिरणाऱ्या विषाणूंपेक्षा २००७ च्या जॉर्जियातील विषाणूशी अधिक जुळतो, असे स्पेनच्या कृषी मंत्रालयाने जाहीर केले. अठरा वर्षे रानात फिरलेल्या विषाणूत काही बदल साठायला हवेत. ते नसतील तर तो एवढी वर्षे कोठे होता, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचा तपास कागदपत्रे, गोठवलेल्या नमुन्यांच्या नोंदी आणि माणसांच्या हालचाली पाहूनच करावा लागतो. क्रमनिर्धारणाने तेथे नेमका प्रश्न हाती दिला, आणि तेही मोठे काम आहे.

प्रश्न : आम्ही रानडुकराच्या विष्ठेतील सर्व डीएनए आणि आरएनए एकदमच वाचून काढले. यादीत शेकडो विषाणू आले, त्यांत रेट्रोव्हायरसही. डुक्कर इतके आजारी होते का? (एम. एस्सी.ची विद्यार्थिनी, पुणे)

यादी पाहून घाबरू नका, पण तिच्यावर लगेच विश्वासही ठेवू नका. कोणताही विशिष्ट विषाणू डोळ्यांसमोर न ठेवता नमुन्यातले सगळे वाचणाऱ्या या पद्धतीला मेटाजिनोमिक्स म्हणतात. अनोळखी विषाणू सापडण्याची शक्यता तिच्यात असते, म्हणून मला ती मोलाची वाटते. पण जाळे जितके मोठे, तितका केरकचराही अधिक येतो.

रेट्रोव्हायरसचे, म्हणजे स्वतःची प्रत यजमानाच्या गुणसूत्रांत बसवणाऱ्या विषाणूचे, उत्तर सोपे आहे. डुकराच्या स्वतःच्या गुणसूत्रांत प्राचीन रेट्रोव्हायरसांच्या प्रती कायमच्या बसलेल्या आहेत आणि पिल्लाला त्या आईबापांकडून मिळतात. त्यामुळे तुमच्या यादीतला रेट्रोव्हायरस बहुधा संसर्ग नसून डुकराचाच वारसा आहे. आधी वाचलेल्या तुकड्यांतून डुकराच्या जिनोमशी जुळणारे सारे वगळा आणि मगच उरलेल्यांकडे पाहा. उरलेल्यांत आतड्यातील जिवाणूंना ग्रासणारे बॅक्टेरिओफेज असतील, खाल्लेल्या ऊस-मक्यासोबत आलेले वनस्पतींचे विषाणू असतील, आणि टॉर्क टेनो विषाणूंसारखे निरोगी डुकरांतही सर्रास आढळणारे असतील. विषाणू सापडला म्हणजे आजार सापडला, असे नव्हे.

आणि एक आवर्जून विचारते : नुसते पाणी घालून तयार केलेला रिकामा नमुना तुम्ही सोबत चालवला होता का? अभिकर्मकांतून (चाचणीत वापरलेल्या रसायनांतून) आणि शेजारच्या नळीतून येणारे दूषण त्यानेच उघडे पडते. तो चालवला नसेल तर कृपया पुन्हा सुरुवात करा. एखादा महत्त्वाचा विषाणू दोन-चार तुकड्यांच्या आधारे दिसत असेल, तर त्याच नमुन्याचे स्वतंत्र पीसीआर करून खात्री झाल्याशिवाय तो अहवालात लिहू नये, हा नियम मी माझ्या विद्यार्थ्यांना मोडू देत नाही.

प्रश्न : आफ्रिकन स्वाइन फीव्हर माणसाला होतो का? होत नसेल तर रानडुकरांतल्या विषाणूंची आम्ही चिंता का करावी? (शिक्षक, कोल्हापूर)

माणसाला होत नाही. चिंता आहे ती डुकरे पाळून जगणाऱ्या कुटुंबांची, आणि आसामच्या गवताळ रानात उरलेल्या पिग्मी हॉगसारख्या चिमुकल्या दुर्मीळ वन्य डुकराची, ज्याच्या कळपात हा विषाणू शिरला तर जातच संपण्याची भीती आहे.

माणसाच्या बाबतीत लक्ष ठेवायचे ते हेपटायटिस ई या काविळीच्या विषाणूवर. जपानमध्ये रानडुकराचे मांस खाऊन आजारी पडलेल्या रुग्णातील विषाणूचा क्रम आणि उरलेल्या मांसातील विषाणूचा क्रम जवळजवळ तंतोतंत जुळला, आणि संसर्ग मांसातूनच झाल्याचे सिद्ध झाले. मांस आतपर्यंत नीट शिजले तर हा विषाणू मरतो. आपल्याकडचे चित्र वेगळे असल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांनी याच पद्धतीने दाखवले : पश्चिम भारतातील रुग्णांत सापडलेला विषाणू पहिल्या जनुकप्रकाराचा होता, तर पाळीव डुकरांतला चौथ्या. म्हणजे येथील काविळीच्या साथींचे मूळ डुकरांत नसून दूषित पाण्यात शोधायला हवे. तो अभ्यास पाळीव डुकरांचा होता. सह्याद्रीतील रानडुकरांचे नमुनेही असेच पद्धतशीर वाचले जावेत, असे मला मनापासून वाटते.