डार्विनच्या हरवलेल्या वह्या सापडल्या का, आणि चोर कोण होता?

हो, सापडल्या की! ९ मार्च २०२२ ला केंब्रिज युनिव्हर्सिटी लायब्ररीत चक्क गुलाबी गिफ्ट बॅगेत कुणीतरी ठेवून गेलं, आत पाकिटावर 'लायब्रेरियन, हॅपी ईस्टर' असं लिहिलेलं आणि दोन्ही वह्या क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळलेल्या, म्हणजे आपण उरलेल्या पोळ्या गुंडाळतो तशा. नेमका तिथं सीसीटीव्ही नव्हता.

२००० मध्ये फोटो काढायला त्या बाहेर काढलेल्या, जानेवारी २००१ मध्ये जागेवर नाहीत हे कळलं, मग वीसेक वर्षं सगळे समजत होते की इथंच कुठंतरी चुकून दुसऱ्या जागी ठेवल्या असतील, चोरी म्हणून जाहीर केलं २०२० मध्ये, आता काय बोलायचं. त्यातल्या एकीत डार्विननं १८३७ ला काढलेलं ते प्रसिद्ध जीवसृष्टीचं झाड, म्हणजे सजीवांच्या जाती एकमेकींपासून कशा फुटत गेल्या त्याचं रेखाटन आहे, वर 'आय थिंक' लिहिलेलं.

चोर? परत आल्या तेव्हा तरी कुणालाच पत्ता नव्हता.