वडिलांचं प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन रोबोटने करायचं म्हणतात. रोबोट स्वतःच कापतो का? आम्ही कोल्हापूरचे, पुण्याला न्यावं का?

नाही, स्वतःहून तो काहीच कापत नाही. सर्जन कन्सोलवर, म्हणजे यंत्र चालवायच्या टेबलापाशी, बसून हात हलवतात, तीच हालचाल यंत्राचे हात पोटातल्या छोट्या छिद्रांतून करतात. हाताचा कंप गाळला जातो, आतलं सगळं मोठं आणि त्रिमितीय दिसतं. प्रोस्टेट ओटीपोटात खोल, अडचणीच्या जागी असतं; तिथे मनगटासारखी वळणारी अवजारं खरंच उपयोगी पडतात. रक्तस्रावही ओपन, म्हणजे मोठा छेद घेऊन केलेल्या, ऑपरेशनपेक्षा कमी होतो.

पण माझ्या मते यंत्रापेक्षा सर्जनचा अनुभव मोठा. अशी किती ऑपरेशनं केलीत, हे थेट विचारा. पुण्याला गेलात तर ऑपरेशननंतर लघवीसाठी घातलेली नळी कोल्हापुरात कोण काढणार, हेही आधीच ठरवा.