किडनीच्या आजारात मनी गेली. अपराधीपणा, आई, लहान मुलगी आणि मागे राहिलेला बोका यांना कसं सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमची १३ वर्षांची मांजर मनी किडनीच्या आजारात गेली आणि शेवटी डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन तिला सोडवावं लागलं. आजार आधी का कळला नाही, हे तुमच्या डोक्यातून जात नाही. आईचं जेवणावरचं मन उडालंय, ७ वर्षांची मुलगी मनी कधी येणार म्हणून विचारते आणि घरातला १० वर्षांचा बोका रात्रभर ओरडतो. मी आधी बोक्याबद्दल सांगतो, कारण तिथे उशीर चालणार नाही.

तो नेमका कुठे ओरडतो, ते आज रात्री उठून बघा. दारापाशी, मनीच्या झोपायच्या जागी, खोल्याखोल्यांतून फिरत ओरडत असेल तर तो तिला शोधतोय. पण लघवीच्या ट्रेमध्ये बसून कुंथत असेल, सारखा जाऊन थेंबभर लघवी करत असेल किंवा काहीच होत नसेल, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठा. घर बदलल्यासारखं झालं की त्या ताणाने मांजरांच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. हे ओरडणं दुःखाचं समजून सोडून दिलं जातं, म्हणून आधी सांगतोय.

त्याच्या खाण्यावरही लक्ष हवं. मांजराने २४ तास तोंडात काहीच घेतलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही अंगाने जाड असेल तर, यकृतात चरबी साठू लागते. मग भूक आणखी मरते आणि कानांच्या आतली कातडी, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसायला लागतो. खाणं कोमट करून द्या, वास सुटला की मांजर जवळ येतं. चिकन उकडलेलं पाणी चालेल, पण त्यात मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. मनीची चादर एवढ्यात धुऊ नका, त्याला तिथे जाऊन बसू दे. किडनीचा हा आजार मनीकडून त्याला लागलेला नाही, लागत नाही. तरी १० वर्षांच्या मांजराचं रक्त, लघवी आणि रक्तदाब वर्षातून एकदा तपासलेला बरा. रात्रीचं ओरडणं कधीकधी वाढलेल्या रक्तदाबामुळे किंवा थायरॉइडमुळेही असतं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. आजार उशिरा कळला, हे खरं आहे. तुम्ही लक्ष दिलं नाही म्हणून उशीर झाला, हे मात्र खरं नाही. या आजारात उशीर का होतो ते नीट समजून घ्या. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ घटक, वाढलेलं दिसतं तेव्हा किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम आधीच बंद पडलेलं असतं. तोवर उरलेला भाग सगळ्याचा भार उचलतो आणि मांजर खातं, खेळतं, कपाटावर चढतं. वजनाचं बघा. ४ किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम वजन उतरलं तर ते दहा टक्के असतं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ६ किलो. माणसाचं शेजाऱ्यालाही कळेल, मांजराचं केसांखाली झाकलं जातं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं नाही तर समजत नाही. पाणी जास्त पिणं ही लवकर दिसणारी एक खूण. पण आपल्या घरात मांजर वाटीतून पितं, बाथरूमच्या बादलीतून पितं, कुंडीखालच्या ताटलीतून पितं. ४ किलोच्या मांजराने दिवसाला २०० मिलीच्या वर पाणी घेतलं तर शंका घ्यावी, पण ते मोजणार कोण आणि कसं? शिवाय मांजर दुखणं दाखवत नाही; स्वतः शिकारी असलं तरी मोठ्या प्राण्यांचं भक्ष्यही असल्याने अशक्तपणा लपवणं त्याच्या अंगातच असतं.

आईला दूध-मासळी दिल्याचा सल असेल तर त्यांना हेही सांगा: म्हाताऱ्या मांजरांत किडनी का गेली, याचं एक नेमकं कारण बहुतेक वेळा सापडतच नाही. रोजच्या बांगड्याच्या तुकड्याने मनी गेली नाही.

हे सगळं वाचून पटलं तरी मन मानेल असं नाही. म्हणून एक काम करा. मनीची फाइल घ्या आणि तिच्या डॉक्टरांची फक्त बोलण्यासाठी पंधरा मिनिटांची वेळ मागा. तीन प्रश्न कागदावर लिहून न्या: पहिला रिपोर्ट आला तेव्हा आजार कोणत्या टप्प्यावर होता, त्याआधी घरी काही दिसू शकलं असतं का, आणि आणखी काही दिवस थांबलो असतो तर तिला काय भोगावं लागलं असतं. रात्री दोन वाजता मोबाइलवर याच प्रश्नांची उत्तरं शोधू नका. तिथे दुसऱ्याच्या मांजराची हकीकत सापडते, मनीची नाही.

शेवटच्या आठवड्यात ती तुम्हाला बघून पलंगाखाली जायची, हे तुम्हाला फार लागलेलं दिसतंय. या आजारात रक्तात घाण साचते, त्याने सतत मळमळतं, तोंडात फोड येतात. अशा वेळी सिरिंजने भरवलं, त्वचेखाली सलाइनची सुई टोचली की मांजर तो त्रास त्या हाताशी, त्या वाटीशी जोडतं. ती लांब पळायची ती सुईपासून आणि मळमळीपासून. आजारी मांजर तसंही कोपरा, अंधार शोधतं.

इंजेक्शननंतर तिचे डोळे उघडे राहिले, एक-दोनदा छाती हलली, म्हणून तिला त्रास झाला असं तुम्हाला वाटतंय. साधारणपणे आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मग भूल देणाऱ्या औषधाचा मोठा डोस. आधी शुद्ध हरपते, मग श्वास आणि हृदय थांबतं. त्यानंतरचं छाती हलणं, स्नायू उडणं, लघवी होणं हे शरीराचं आपोआप होणारं काम आहे. ते जाणवायला ती शुद्धीवर नव्हती. मांजराचे डोळे मेल्यावर बहुधा मिटत नाहीत. हे आधी सांगायला हवं, ते अनेकदा राहून जातं आणि घरच्यांच्या डोळ्यांसमोर तेच चित्र राहतं.

मुलीला सरळ सांगा: मनी मेली, तिचं शरीर बंद पडलं, ती परत येणार नाही. "झोपली" म्हणू नका, मुलं झोपायला घाबरतात. "गावाला गेली" म्हणू नका, ती वाट बघत राहील. इंजेक्शनचं तिला कळलं असेल तर हे वेगळं करून सांगाच: ते औषध बऱ्या न होणाऱ्या प्राण्यांसाठीचं वेगळं असतं, तुला तापात देतात ते नाही. नाहीतर पुढच्या लसीच्या वेळी रडारड होईल. तोच प्रश्न ती पुन्हापुन्हा विचारेल. प्रत्येक वेळी तेच उत्तर, त्याच शब्दांत द्या. तिच्यासमोर तुम्हाला रडू आलं तर आवरू नका.

आईंचा दिवसच मनीच्या वेळांवर बांधलेला असणार. पहाटेची वाटी, कोळीण आली की होणारी लगबग, दुपारी पायाशी बसणं. त्या वेळा रिकाम्या झाल्यात. बोक्याचं खाणं आणि ट्रे त्यांच्याकडे सोपवा आणि निदान एक जेवण त्यांच्याबरोबर बसून करा. "मांजरच होतं ना" म्हणणाऱ्यांना "आमच्या घरातली होती" एवढं सांगून विषय बदला, वाद घालण्यात जीव जातो.

घरात उरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून, झाकण लावून दवाखान्यात परत द्या; घंटागाडीच्या कचऱ्यात मोकळ्या टाकल्या तर सफाई कामगारांना टोचतात. सलाइनच्या न फोडलेल्या बाटल्या आणि किडनीच्या पथ्याचं बंद खाणं डॉक्टरांना विचारून दुसऱ्या रुग्ण मांजरासाठी द्या. हे खाणं रस्त्यावरच्या पिलांना घालू नका, त्यात प्रथिनं कमी असतात. फोडलेलं औषध दवाखान्यात देऊन टाका. तिचा पट्टा, वाटी, फोटो यांचं काय करायचं ते आत्ता ठरवू नका. एका पेटीत ठेवा.

रात्री तिचा आवाज आल्यासारखा वाटणं, डोळ्यांच्या कडेने ती दिसल्यासारखी वाटणं नेहमीचं आहे, त्याला घाबरू नका. पण दोन आठवड्यांनंतरही झोप आणि जेवण जागेवर येत नसेल, कामच सुचत नसेल, तर तुमच्यासाठी किंवा आईंसाठी समुपदेशकाची मदत घ्या. जगण्यात अर्थ नाही असं कोणाच्याही मनात आलं तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी बोलायचं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

दुसरं पिल्लू आणायचं का, असंही विचारलंय. माझं मत, एवढ्यात नको. आईंना न विचारता, त्यांना बरं वाटावं म्हणून तर मुळीच नको. बोका नीट खायला लागला आणि घरातल्या सगळ्यांची तयारी असली की मग बघा. तेव्हाही पिल्लू निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचं, वाटी आणि ट्रे वेगळे, आणि बोक्याची लस आधी पूर्ण झालेली हवी.