विरघळलं, पण कशामुळे?

पाषाण, पुणे

अनेक आशीर्वाद.

तुझी विद्राव्यतेची सारणी, म्हणजे नवं पॉलिमर कुठल्या सॉल्व्हंटमध्ये विरघळतं त्याची यादी, पाहिली. पॉलिइमाइड, म्हणजे सहसा न विरघळणारं पॉलिमर, आणि चक्क क्लोरोफॉर्मच्या रकान्यातही अधिकची, म्हणजे विरघळल्याची, खूण! आनंद होणं साहजिक आहे. पण सारणीशेजारी इनहेरंट व्हिस्कॉसिटीचा (साखळी किती लांब आहे ते सुचवणारा) आकडा कुठेच नाही. म्हणून आधी तेवढंच विचारतो: हे पॉलिमर तू आखलेल्या रचनेमुळे विरघळलं, की साखळ्या आखूड राहिल्या म्हणून?

आपल्या क्षेत्रात हा घोळ नेहमीचा. ज्या लहान रेणूंची साखळी होते त्या दोन मोनोमरपैकी एक फक्त 1 टक्का कमी पडला, तर अभिक्रिया अगदी शेवटाला गेली तरी सरासरी साखळीत 199 च्या आसपासच मोनोमर गुंफले जातात. त्यात अभिक्रिया 98 टक्क्यांवरच थांबली, की तोच आकडा 40 वर येतो. अशी आखूड साखळी विरघळणारच, त्यात तुझ्या मोनोमरचं कर्तृत्व काही नाही. आणि पुण्यातला जुलै म्हणजे तुझ्या दोन मोनोमरपैकी डायअनहायड्राइडचा शत्रू. हवेतलं पाणी घेऊन ते गुपचूप आम्ल होऊन बसतं, वजन मात्र तू डायअनहायड्राइड समजून करतेस. बाटलीवरच्या 99 टक्क्यांवर विसंबू नकोस. पायरोमेलिटिक डायअनहायड्राइड असेल तर अ‍ॅसेटिक अनहायड्राइडमधून स्फटिक काढून घे, व्हॅक्यूममध्ये वाळव. डायअमाइन (दुसरा मोनोमर) तपकिरी पडलं असेल तर तेही शुद्ध कर. कंटाळवाणं काम आहे, प्रबंधात त्याला जेमतेम एक ओळ मिळते.

मग फिल्म ओत. काचेवर पसर, सॉल्व्हंट सावकाश उडू दे, सोलून काढ आणि घडी घाल. घडीवर तडकली तर विद्राव्यतेची चर्चा तूर्त बाजूला ठेव, आधी साखळीची लांबी बघ. एक सावधगिरी: पावसाळ्यात डायमिथाइल अ‍ॅसिटामाइडमधली ओली फिल्म उघडी ठेवलीस तर ती हवेतलं पाणी ओढते आणि पॉलिमर मध्येच साकळून फिल्म दुधाळ होते. मेम्ब्रेन करणारे लोक हीच गोष्ट मुद्दाम घडवून आणतात. तुला ती नको आहे.

आता मूळ प्रश्न. ही पॉलिमरं मुळात विरघळत का नाहीत? ताठ, सपाट कड्यांच्या साखळ्या तुळशीबागेतल्या स्टीलच्या ताटांच्या चळतीसारख्या एकमेकींवर बसतात. शिवाय पॉलिइमाइडमध्ये इलेक्ट्रॉन देणारा डायअमाइनचा भाग आणि ओढून घेणारा इमाइडचा भाग एकमेकांना धरून ठेवतात. सॉल्व्हंटला आत शिरायला फट मिळत नाही. तुझं सगळं काम ही फट पाडण्याचं आहे, आणि प्रत्येक फटीची किंमत कुठेतरी मोजावी लागते.

केव्हलार आणि नोमेक्स हे दोन धागे शेजारी ठेवून बघ. दोन्ही अ‍ॅरोमॅटिक पॉलिअमाइड, फरक जोडणीच्या जागेचा. स्टेफनी क्वोलेक यांनी 1965 मध्ये ज्या कामाला हात घातला, त्यातून आलेलं केव्हलार पॅरा-जोडणीचं, सरळ. ते कातायला तीव्र सल्फ्युरिक आम्ल लागतं. नोमेक्स मेटा-जोडणीचं, वाकडं. ते क्षार घातलेल्या अमाइड सॉल्व्हंटमध्ये जातं. विरघळणं सोपं झालं, पण केव्हलारची ताकद गेली. अल्टेम नावाचं पॉलिइमाइड 1982 मध्ये बाजारात आलं. त्यात ईथरचे सांधे आणि आयसोप्रॉपिलिडीन आहेत, म्हणून ते मोल्डिंग मशिनमध्ये चालतं आणि क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं. त्याचं टीजी (ज्या तापमानाला पॉलिमर ताठपणा सोडून मऊ पडतं ते) 217 अंश, कॅप्टॉन या पॉलिइमाइड फिल्मच्या खूप खाली. हा तोटा नाही, सौदा आहे. फक्त तो डोळे उघडे ठेवून केलेला असावा.

काजूच्या वाटेबद्दल, म्हणजे काजूच्या टरफलातून मोनोमर करण्याबद्दल, तू विचारलंस. माझी ती आवडती वाट, म्हणून जरा जास्त लिहितो. वेंगुर्ल्याकडे काजू फोडल्यावर उरलेल्या टरफलातून तेल निघतं. त्यातून कार्डानॉल, त्याच्या हायड्रोजनीकरणातून 3-पेंटाडेसिल फिनॉल. कडीवर मेटा जागी पंधरा कार्बनांची शेपटी आयती मिळते. आपल्या इथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून अशा मोनोमरांवर बरंच काम प्रसिद्ध झालं आहे. शेपटी दोन साखळ्यांना दूर ठेवते आणि असममित असल्याने साखळीत मागे-पुढे कशीही बसते, त्यामुळे रचनेची शिस्त मोडते. विद्राव्यता छान वाढते. टीजी मात्र चांगलंच उतरतं. वर, हवेत तापवल्यावर आधी ही शेपटीच जळते. म्हणून थर्मोग्रॅव्हिमेट्री (तापवताना वजन किती घटतं ते मोजणं) नुसत्या नायट्रोजनमध्ये करून मोकळी होऊ नकोस, हवेतलाही आलेख जोड. परीक्षकांनी मागण्याआधीच जोड.

टीजी टिकवायचं असेल तर फ्लुओरीन (फ्लोरिन नव्हे) किंवा फिनॉल्फ्थेलीनचे कार्डो गट बघ: अवजड, पण ताठ, त्यामुळे साखळी दूर राहते आणि लुळी पडत नाही. सहा फ्लोरिनवाला डायअनहायड्राइडही उत्तम, फक्त महाग. फ्लोरिनचा मोह झाला की आधी गाइडला दर विचार.

आणि विरघळवणं हा एकच मार्ग नाही. कॅप्टॉनचं पॉलिइमाइड विरघळतच नाही. त्याच्या आधीचं पॉलिअमिक आम्ल विरघळतं. तेच ओतून 300 अंशांच्या वर नेलं की पाणी निघून इमाइड तयार होतं. पातळ फिल्मला हे जमतं. जाड वस्तूत तेच पाणी अडकून बुडबुडे करतं. ते आम्ल बाहेर ठेवलंस तर साखळी तुटत जाते, फ्रीजरमध्ये ठेव. या मार्गाचा फायदा असा की शेवटची वस्तू सॉल्व्हंटला दाद देत नाही. तुझं क्लोरोफॉर्ममध्ये विरघळणारं पॉलिमर विजेच्या तारेवरच्या इनॅमलसाठी (लेपासाठी) असेल, तर वापरणारा आधी हेच विचारेल.

पीईईके (पॉलिइथर इथर कीटोन) हे प्लास्टिक बघ: खोलीच्या तापमानाला तीव्र सल्फ्युरिक आम्ल सोडलं तर जवळपास कशालाच बधत नाही, तरी 343 अंशांना वितळतं म्हणून मोल्ड होतं. भोसरीतल्या मोल्डरला तुझी अधिकच्या खुणांची सारणी दाखवलीस तर तो विचारेल, कुठल्या तापमानाला वाहतं आणि जळायच्या आधी किती मिनिटं देतं? प्रबंधात 'प्रक्रियासुलभ' म्हणणार असशील तर रिओमीटरवरचा (वितळलेलं किती सहज वाहतं ते मोजणाऱ्या यंत्रावरचा) एक तरी आलेख हवा.

या आठवड्यात नवीन मोनोमर करू नकोस. आहे त्याच पॉलिमरची व्हिस्कॉसिटी डायमिथाइल अ‍ॅसिटामाइडमध्ये 30 अंशांना मोज, जीपीसीला (साखळ्यांची लांबी मोजायच्या चाचणीला) नमुना दे, आणि शेपटी नसलेलं, बाकी तसंच जोडीचं पॉलिमर साधारण तेवढ्याच साखळीलांबीचं करून बघ. ते क्लोरोफॉर्ममध्ये गेलं नाही, तर तुझी सारणी खरी. मग पुढचं बोलू.

तुझा,
काका