हाजीपीर कुणी घालवली?

प्रश्न : माझे आजोबा 1965 च्या लढाईत होते. "जवानांनी हाजीपीर घेतली आणि पुढाऱ्यांनी ताश्कंदला देऊन टाकली," असं ते शेवटपर्यंत म्हणायचे. दोष खरंच शास्त्रीजींचा होता का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : आजोबांचा राग मला कळतो. मेजर रणजितसिंह दयाल आणि त्यांचे जवान रात्रभर पावसात डोंगर चढले आणि 28 ऑगस्टला त्यांनी पाकव्याप्त काश्मीरमधली, उरी-पूंछ रस्त्यावरची हाजीपीर खिंड घेतली. 10 जानेवारी 1966 च्या ताश्कंद करारात दोन्ही सैन्यांनी 5 ऑगस्टपूर्वीच्या जागी परतायचं ठरलं आणि खिंड गेली. सही शास्त्रीजींची, म्हणून बोट त्यांच्याकडे. पण माझ्या मते निम्मा निकाल सप्टेंबरमध्ये दिल्लीतच लागला होता.

युद्धबंदीच्या तोंडावर शास्त्रीजींनी लष्करप्रमुख जनरल चौधरींना विचारलं, आणखी काही दिवस लढलो तर मोठा विजय मिळेल का? चौधरी म्हणाले, आघाडीचा दारूगोळा बहुतेक संपलाय, रणगाडेही बरेच गेलेत. 23 सप्टेंबरच्या पहाटे तोफा थांबल्या. पुढे हिशेब झाला तेव्हा कळलं, आघाडीच्या साठ्यातला जेमतेम 14 टक्के दारूगोळा खर्च झाला होता.

मी बत्तीस वर्षं दारूगोळा भांडारात काढली. हा आकडा पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. 'शिल्लक किती?' असं वरून विचारलं की आधी बिन कार्ड, म्हणजे पेट्यांच्या आवक-जावकीची नोंद असलेलं कार्ड, बघायचं, मग कोठारात जाऊन पेट्या मोजायच्या, आणि दोन्ही जुळलं तरच आकडा कळवायचा. पंचवीस पेट्या असल्या तरी हेच. आणि देशाचं युद्ध थांबवायचं की नाही, हे ज्या आकड्यावर ठरणार होतं तो असा चुकीचा पंतप्रधानांपुढे गेला!

चूक आधी चौधरींची. पण सरकारही सुटत नाही. संरक्षणमंत्री आपले यशवंतराव होते. त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे, तरीही म्हणतो, सेनापतीचा शब्द मानायचा म्हणजे साठ्याचा कागद मागायचाच नाही, असं नसतं.

शास्त्रीजींच्या बाजूचंही सांगायला हवं. चीनने सिक्कीमच्या सीमेवरून निर्वाणीचा इशारा दिला होता, अमेरिका-ब्रिटनने शस्त्रं रोखली होती. खरा आकडा हाती असता तरी युद्धबंदी कदाचित झालीच असती. शिवाय जम्मूच्या सीमेवरचं आपलं छांब पाकिस्तानकडे होतं, तिथून अखनूर जवळ, आणि राजौरी-पूंछकडच्या आपल्या सैन्याची रसद अखनूरवरूनच जायची. हाजीपीर धरून ठेवली असती तर छांब सुटलं नसतं. ही अडचण आजोबांना कुणी समजावून सांगितली असेल, असं वाटत नाही. सही करून काही तासांतच शास्त्रीजी गेले, ते सांगायला परत आलेच नाहीत.

आजोबा तोफखान्यात होते का? त्या सप्टेंबरात त्यांच्या तोफांना गोळे कमी पडले होते का, हे ते कधी बोलले असतील तर मला जरूर लिहा.