म्युनिकला निघण्याआधी

म्युनिकच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, अभिनंदन! आता सगळ्यात आधी खोलीचं बघ. विद्यार्थी वसतिगृहासाठी आजच अर्ज टाक, विमानाच्या तिकिटापर्यंत थांबू नकोस. तिथली प्रतीक्षायादी फार लांब असते.

बाहेर खोली घेतलीस तर मालकाला थेट विचार, "आनमेल्डुंग करता येईल ना?" आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी. राहायला गेल्यापासून 14 दिवसांत ती करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. माझ्या पहिल्या मालकाने तो द्यायला टाळाटाळ केली. नोंदणी नाही म्हणून टॅक्स नंबर नाही, आणि हाती आलेलं काम लांबलं. दुसरी खोली मिळेपर्यंत मी मित्राकडे सोफ्यावर झोपत होतो. ते तुझ्या वाट्याला येऊ नये असं मनापासून वाटतं. आणि खोली न बघता डिपॉझिट पाठवू नकोस, कितीही घाई असो.

ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्यातून, महिन्याला 992 युरो मिळतील. त्यातले बरेचसे भाड्यातच जातात. वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं, पण पहिलं सेमिस्टर अभ्यासालाच दे. परीक्षेसाठी वेगळी नावनोंदणी असते. ती तारीख चुकली की सेमिस्टरभर तासांना बसून उपयोग नाही.

रविवारी दुकानं बंद, म्हणून दूध-भाजी शनिवारी रात्री आठच्या आत आण. छोटा कुकर आणि गोडा मसाला घरून घे. तूरडाळ इथे मिळते. डिसेंबरात साडेचारलाच अंधारून येतं. तेव्हा फार एकटं वाटलं, तर फोन कर. वरण-भात तयार ठेवतो.