मोबाइल अ‍ॅपमध्ये जन्मतारीख आणि वेळ निवडायला कॅलेंडर द्यावं की फिरणारी चाकं (बोटानं वर-खाली सरकवायचे आकडे)?

जन्मतारखेसाठी दोन्ही नकोत. दिवस, महिना, वर्ष असे तीन चौकोन द्या आणि आकड्यांचा कीपॅड उघडू द्या. या एका गोष्टीवरून मी जुन्या कंपनीत महिनाभर भांडलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मार्च २०२२. साताऱ्याहून मामा आले होते, त्यांना रक्ततपासणीची वेळ घ्यायची होती. अ‍ॅप आमच्याच टीमचं. मामांची जन्मतारीख १ जून १९४९ (शाळेत घालताना गुरुजींनी लावलेली; त्या पिढीत १ जूनवाले घरोघरी आहेत). चौकटीवर बोट ठेवलं की कॅलेंडर उघडायचं, तेही चालू महिन्यावर. मामा डावा बाण दाबायला लागले. फेब्रुवारी, जानेवारी, डिसेंबर... शेतात राबलेला अंगठा, तीनदा दाबावा तेव्हा एकदा लागायचा. १९४९ गाठायला बाण ८७३ वेळा लागायला हवा होता. वरच्या वर्षावर टॅप केलं की वर्षांची यादी उघडते, हे तुम्हाला-मला ठाऊक. मामांना तो नुसता मथळा वाटला, आणि दिसतही तसाच होता. ५७ महिने मागे गेल्यावर जून २०१७ आला. वर्ष पुढं वेगळं विचारतील असं समजून त्यांनी १ तारखेवर बोट ठेवलं आणि ओके केलं. अ‍ॅप म्हणालं, वय ४ वर्षे, पालकांनी नोंदणी करावी.

"तूच कर बाबा, आमाला न्हाय जमायचं," म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला. गावच्या सोसायटीचे हिशेब तोंडपाठ असलेला माणूस. चूक आमची आणि मान खाली घातली त्यांनी.

दुसऱ्या दिवशी टीमच्या लीडला सांगितलं. उत्तर आलं, "सगळीकडे एकच कॅलेंडर असलं की बरं दिसतं, लोक शिकतात." निदान वर्षाशेजारी एक बाण दाखवू म्हटलं, तर म्हणे गचाळ दिसेल. अहो, जन्मतारीख पाठ असते, ती शोधायला कशाला लावता? ब्रिटन सरकारच्या ऑनलाइन सेवांतही अशा तारखांना तीन चौकोनच आहेत. आणि नुसतं वय हवं असेल तर वर्षच विचारा. कोविननं २०२१ मध्ये तेवढंच विचारलं होतं, कित्येकांच्या आधारवरही तेवढंच असतं.

वेळेसाठी गोल घड्याळाचा काटा फिरवायला लावू नका. रिकाम्या वेळा पाचच असतील तर पाच बटणं द्या, "सकाळी १०:३०" असं लिहून. गजर लावण्यासारखी कुठलीही वेळ चालणार असेल तर चाकं ठीक आहेत. अ‍ॅपलनं आयफोनच्या आयओएस १४ मध्ये ती काढली आणि पुढच्याच वर्षी परत आणली. रात्री बारानंतरची वेळ मात्र शब्दांत सांगा: "बुधवारची मध्यरात्र उलटल्यावर, गुरुवारी ००:१५". या एका घोळापायी लोकांच्या गाड्या चुकतात.

हॉटेल किंवा रजेसाठी वार बघावा लागतो, तिथे कॅलेंडरच हवं, हे सांगायचं राहिलं. टॉकबॅक (अँड्रॉइडमधलं, दिसत नसलेल्यांना स्क्रीन वाचून दाखवणारं साधन) लावूनही एकदा तपासा.

टाइप करताना लोक चुकतात, हा लीडचा शेवटचा मुद्दा. चुकतात, मान्य. म्हणून '०६' चा हट्ट धरू नका, '६' चालू द्या, आणि चौकोनांखाली लगेच वय दाखवा. त्या दिवशी ओके दाबण्याआधी "वय ४" दिसलं असतं, तर मामांनी स्वतःच पकडलं असतं.